आमच्या लोगनचे के९के इंजिन आणि त्याची दुखणी

आमच्या डिझेल लोगन गाडीत, दोष दाखवणाऱ्या स्कॅनरवर पहिल्या सिलिंडरच्या नोझलचा, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीचा, दोष आला होता आणि मिस्त्रींनी जे नोझल काढून नवे बसवले ते होते टायमिंग बेल्टच्या बाजूचे, कारण आयुष्यभर त्यांनी सिलिंडरची मोजणी त्याच बाजूने केली होती. गाडी पूर्वीसारखीच थरथरत राहिली. मग वायरिंग तपासून झाले, एक सेन्सर बदलून झाला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘‘साहेब, आता कॉम्प्युटरच गेला असणार’’ असा निकाल माझ्या कानावर आला. घरी येऊन मी इंजिनाची दुरुस्ती-पुस्तिका उघडली तेव्हा उत्तर सुरुवातीच्या पानांतच सापडले. रेनॉ या फ्रेंच कंपनीच्या या इंजिनात एक नंबरचा सिलिंडर फ्लायव्हीलच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला असतो आणि चार नंबरचा बेल्टच्या बाजूला. ठणठणीत नोझल बाहेर निघाले होते आणि आजारी नोझल आपल्या जागी बसून होते.

ही २०१६ सालची गोष्ट. २००९ सालची डिझेल लोगन मी २०१३ मध्ये ६१,००० किलोमीटरवर वापरलेली म्हणून विकत घेतली आणि आज तिचा आकडा २,१४,००० च्या पुढे गेला आहे. मी मोटार मिस्त्री नव्हे. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात २१ वर्षे काढली, त्यामुळे पाना हातात धरता येतो आणि पुस्तिका वाचायचा कंटाळा नाही, एवढेच. या इंजिनाविषयी नाशिकच्या गॅरेजांमध्ये दोन टोकांची मते ऐकू येतात. भाड्याच्या गाड्या चालवणारे सांगतात की तेल घालत राहा, हे इंजिन मरत नाही. आणि काही मिस्त्री सांगतात की फ्रेंच काम आहे, हात लावला की खर्च. दोन्ही मते अनुभवातूनच आली आहेत असे मला वाटते. फरक पडतो तो इंजिन उघडणाऱ्या हातांच्या सवयींमुळे, आणि त्या सवयी आपल्याकडे कुठून आल्या हे पाहिले की बऱ्याच दुखण्यांचा उलगडा होतो.

नाशिककरांना फ्रेंच डिझेल इंजिन नवे नाही, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. महिंद्राने १९७९ मध्ये आपल्या जीपसाठी प्यूजो या फ्रेंच कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), ८३ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) आणि २११२ सीसी असे ते इंजिन होते. नावातला ४ हा सिलिंडरांचा आकडा आणि ९० हा बोअरचा. पुढे त्याच घराण्यातले ९४ बाय ९० चे, २४९८ सीसीचे एक्सडी३पी इंजिन महिंद्राच्या गाड्यांत आले. आपल्या भागातल्या मिस्त्रींच्या दोन पिढ्यांनी ही इंजिने शेताच्या बांधावर, घाटाच्या वळणावर आणि टपरीसमोर उघडली आहेत. डिझेल आधी बाजूच्या छोट्या कोठडीत पेट घ्यायचे, पंप पूर्णपणे यांत्रिक, वायरींचे जंजाळ नाही. त्या इंजिनात धूळ गेली, डिझेलमध्ये रॉकेल मिसळले, बोल्ट अंदाजाने आवळला, तरी ते कुरकुरत का होईना पण चालत राहायचे. इतका क्षमाशील धनी लाभल्यावर हात सैल पडतात. नंतर २००७ मध्ये त्याच मिस्त्रींच्या दारात दुसरे फ्रेंच डिझेल आले, आणि ते अजिबात क्षमाशील नव्हते.

लोगन ही गाडी मुळात २००४ मध्ये रोमानियात, डाचिया या नावाने, कमी किमतीची गाडी म्हणून बाजारात आली. भारतासाठी महिंद्रा आणि रेनॉ यांनी ५१ आणि ४९ टक्के अशी भागीदारी केली आणि २००७ पासून ती आपल्या नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. २०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली, २०११ मध्ये गाडीचे नाव व्हेरिटो झाले, पण बोनटखाली इंजिन तेच राहिले. सातपूरच्या रस्त्याने जाताना मला आजही या गोष्टीची गंमत वाटते की ज्या गाडीला लोक परदेशी म्हणून नाके मुरडतात ती माझ्या घरापासून ८ किलोमीटरवर बांधली गेली.

आता इंजिनाविषयी. रेनॉच्या इंजिनांच्या नावांमध्ये एक साधी रीत आहे. पहिले अक्षर घराण्याचे, मधला अंक प्रकाराचा आणि शेवटचे अक्षर आकारमानाचे. के घराण्यातील मधला ७ असला की ८ व्हॉल्व्हचे पेट्रोल इंजिन, ४ असला की १६ व्हॉल्व्हचे पेट्रोल, आणि ९ म्हणजे थेट इंधन फवारणारे डिझेल. म्हणून आपल्या लोगनमध्ये १३९० सीसीचे पेट्रोल इंजिन के७जे, १५९८ सीसीचे के७एम आणि १४६१ सीसीचे डिझेल ते के९के. तिघेही भाऊबंद आहेत, इतके की के७एम आणि के९के यांचा स्ट्रोकही एकच, ८०.५ मिलिमीटर. पेट्रोलवाल्या दोघांविषयी सांगण्यासारखे फार थोडे आहे. ती साधी, धीमी आणि दीर्घायुषी इंजिने आहेत. व्हॉल्व्हची फट वेळेवर तपासावी, इग्निशन कॉइलवर लक्ष ठेवावे आणि टायमिंग बेल्ट विसरू नये.

के९के २००१ मध्ये रेनॉ क्लिओमध्ये प्रथम आले. बोअर ७६ मिलिमीटर, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), ८ व्हॉल्व्ह, टर्बो आणि कॉमन रेल, म्हणजे चारही नोझलना डिझेल पुरवणारी उच्च दाबाची सामाईक नळी. लोगनमध्ये त्याची ताकद ४००० आरपीएमला ६५ पीएस आणि टॉर्क २००० आरपीएमला १६० न्यूटन-मीटर एवढी ठेवली होती. पंप आणि नोझल डेल्फी बनावटीचे, रेलमधला दाब १४०० बारपर्यंत जाणारा. व्हॉल्व्हच्या टॅपेटमध्ये, म्हणजे कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या वाटीत, तेलाने आपोआप फट भरण्याची सोय नाही. ते घन टॅपेट आहेत आणि फट चुकली तर योग्य जाडीचे टॅपेट शोधून घालावे लागतात. तेल साधारण साडेचार लिटर मावते. हेच इंजिन वेगवेगळ्या ताकदीत पुढे डस्टर, मायक्रा, सनी या गाड्यांत आले, आणि युरोपात ते मर्सिडीजच्या ए-क्लासमध्ये ओएम ६०७ या नावाने बसले. हे शेवटचे वाक्य मी गॅरेजमध्ये मुद्दाम सांगतो. त्यानंतर इंजिनाकडे पाहण्याची नजर क्षणभर का होईना बदलते.

कागदावरचे १६० न्यूटन-मीटर रस्त्यावर कसे जाणवतात हे कसाऱ्याच्या घाटात कळते. मुंबईहून येताना घाट चढायला लागलो की काटा २००० च्या वर ठेवला तर चार माणसे आणि भरलेली डिकी घेऊन गाडी तिसऱ्या गिअरवर न कुरकुरता वर येते, आणि १५०० च्या खाली पडू दिली तर तीच गाडी जागच्या जागी उसासे टाकते. टर्बोला जाग येईपर्यंत हे इंजिन ८ व्हॉल्व्हचे साधे दीडलिटरी डिझेल असते. ज्यांनी जीप चालवली आहे ते सवयीने वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने ओढत राहतात. हे बेअरिंगला मानवत नाही, आणि इथून दुखण्यांची यादी सुरू होते.

के९केच्या बदनामीचे सर्वांत मोठे कारण म्हणजे कनेक्टिंग रॉडची बिग एंड बेअरिंग, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकशाफ्ट या मुख्य फिरत्या दांड्याला जिथे जोडला जातो तिथल्या वाट्या. सुरुवातीच्या काळातील इंजिनांमध्ये ही बेअरिंग लवकर झिजत, कधी आपल्या जागेत फिरत, आणि मग क्रँकशाफ्टसकट सगळा संसार उधळला जाई. युरोपात काही मॉडेलांना तेल बदलण्याची मुदत ३०,००० किलोमीटर दिली गेली होती, हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते. लहान इंजिन, टर्बोची उष्णता, कमी वेगात ओढण्याचा ताण आणि त्यात काजळीने जड झालेले तेल. बेअरिंगच्या पातळ थराला इतके सहन होत नाही. दुसरी अडचण दुरुस्तीच्या वेळी येते. या इंजिनाच्या बेअरिंगच्या वाट्यांना जागेवर अडकवणारी खाच नसते. जुन्या इंजिनात खाचेत खाच बसली की वाटी बरोबर बसली असे समजायचे. इथे वाटी रॉडच्या नेमक्या मध्यावर बसवण्यासाठी वेगळे हत्यार लागते. नजरेने बसवलेली वाटी एखाद्या मिलिमीटरने सरकली तरी इंजिन बांधून झाल्यावर काही हजार किलोमीटर छान चालते, आणि मग एका दिवशी खालून ठोका ऐकू येतो.

मी स्वतः तेल ८,००० किलोमीटरला बदलतो. पुस्तकापेक्षा हे लवकर आहे, पण सातपूर आणि अंबडमधली सकाळची रांग, घाटातली चढण आणि उन्हाळ्यातली उष्णता पाहता मला तो खर्च मुळीच जड वाटत नाही. प्रत्येक वेळी जुना ऑइल फिल्टर फेकून न देता मी त्याचा डबा कापतो. आतला कागद घडीघडीने उलगडून, बोटभर डिझेलने धुऊन, गच्चीवरच्या उन्हात वर्तमानपत्रावर पसरतो. काजळीचा काळा डाग आला तर काही नाही. पण कागदाच्या घड्यांमध्ये सोनेरी किंवा रुपेरी चमकीचे बारीक कण दिसले, आणि त्यावरून लोहचुंबक फिरवल्यावर ते हलले नाहीत, तर ती बेअरिंगची धातू आहे असे समजून इंजिनाखालचे तेलाचे चेंबर उतरवायला हवे. १,३२,००० किलोमीटरला मला असे दहा-बारा कण दिसले. चेंबर उतरवून बिग एंडच्या वाट्या पाहिल्या तेव्हा दोन वाट्यांवर वरचा थर पुसट झाला होता आणि क्रँक मात्र आरशासारखी होती. योग्य हत्यार असलेला फिटर शोधायला मला दोन आठवडे लागले, वाट्या आणि नवे बोल्ट मिळून खर्च काही हजारांत झाला. ठोका ऐकू येईपर्यंत थांबलो असतो तर तो खर्च इंजिनाच्या किमतीला भिडला असता.

दुसरे दुखणे डिझेलच्या वाटेचे, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत जास्त इंजिने याच वाटेवर बिघडतात. या गाडीच्या टाकीत डिझेल ढकलणारा विजेचा पंप नाही. इंजिनावरच्या उच्चदाब पंपाच्या आतच एक छोटा पंप आहे, तो टाकीतून डिझेल ओढून घेतो. याचा अर्थ असा की टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी नळी ओढीखाली असते. अशा नळीचा जोड सैल झाला तर डिझेल बाहेर ठिबकत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. खाली डाग नाही, वास नाही, पण सकाळी सेल्फ मारला की इंजिन बराच वेळ फिरत राहते आणि मग खोकून सुरू होते. आमचे मिस्त्री अशा वेळी म्हणतात, ‘‘गाडीने हवा धरली.’’ हे निदान अगदी बरोबर असते. त्यापुढचा उपचार मात्र जीपचा होतो.

जीपच्या पंपावरचा स्क्रू किंवा नोझलवरचे नट सैल करायचे आणि सेल्फ मारत राहायचे, फेस संपून डिझेल आले की आवळायचे, ही शिकवण सगळ्यांच्या हातात मुरलेली आहे. लोगनच्या बोनटखाली मात्र डिझेलच्या नळीवर रबरी फुग्यासारखा एक हातपंप दिलेला आहे. फिल्टर बदलला, डिझेल संपून गाडी थांबली किंवा हवा धरली, की आधी तो फुगा दाबत राहायचे, तो कडक होईपर्यंत, आणि नंतरच सेल्फला हात लावायचा. पारदर्शक नळीतून बुडबुडे धावताना दिसतात, हळूहळू विरळ होतात आणि शेवटी नळी सलग पिवळसर दिसू लागते. हे पाहायला दोन-तीन मिनिटे लागतात. उच्चदाब पंपाच्या आतल्या भागांना वंगण म्हणून दुसरे काही नाही, डिझेल हेच त्यांचे वंगण. कोरड्या पंपाला सेल्फने फिरवत ठेवले की पोलादावर पोलाद घासते आणि त्यातून जो बारीक कीस निघतो तो रेलमध्ये, तिथून नोझलमध्ये आणि परतीच्या नळीने पुन्हा मागे जातो. रॉकेल मिसळलेल्या डिझेलनेही हेच होते, कारण रॉकेलला डिझेलइतका चिकटपणा नसतो. एकदा हा कीस पसरला की फक्त पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, चारही नोझल आणि नळ्या बदलून टाकी धुवावी लागते, आणि जुन्या गाडीची किंमतच त्या बिलापेक्षा कमी असते.

म्हणूनच नवा पंप बसवण्याआधी जुना उघडून पाहावा असे मी आग्रहाने सांगतो. पंपावरचा डिझेलचे प्रमाण ठरवणारा व्हॉल्व्ह दोन स्क्रूंवर असतो. तो काढून आतल्या डिझेलमध्ये बोट बुडवले आणि बोट उन्हात धरले तर कीस असल्यास चंदेरी शाईसारखा चमकतो. तेलातील बेअरिंगच्या चमकीला लोहचुंबक लागत नाही, पंपाच्या किसाला लागते. या एका फरकाने मी शेजारच्या सोसायटीतील एका व्हेरिटोचे इंजिन उतरवण्यापासून वाचवले आहे. तिथे डिझेलमधली चमक पाहून कुणीतरी बेअरिंग गेल्याचे सांगितले होते.

जीपची आणखी एक सवय इथे केवळ महागच नव्हे तर धोक्याची आहे. कोणता सिलिंडर काम करत नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनात एकेका नोझलचा नट सैल करायचा आणि आवाज बदलतो का ते ऐकायचे, ही पद्धत जुन्या डिझेलमध्ये सर्रास चालते. कॉमन रेलमध्ये त्या नटामागे शेकडो बारचा दाब असतो; सुईच्या टोकाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडी भेदून आत जाते आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते. इथे नोझलची परीक्षा परतीच्या डिझेलवरून करतात. चार नोझलच्या परतीच्या नळ्या काढून तिथे चार पारदर्शक नळ्या आणि चार बाटल्या लावायच्या, इंजिन ठरावीक वेळ चालवायचे आणि कोणत्या बाटलीत जास्त डिझेल साठले ते पाहायचे. मी यासाठी सलाइनच्या नळ्या आणि एकाच मापाच्या चार औषधी बाटल्या वापरतो. २०१६ च्या त्या प्रकरणात गिअरबॉक्सच्या बाजूची बाटली इतर तिघींच्या तिप्पट भरली, आणि मोजणीचा वाद तिथेच मिटला.

नोझल बदलले तरी काम संपत नाही. प्रत्येक नोझलवर १६ अक्षर-अंकांचा संकेत कोरलेला असतो. कारखान्यात त्या नोझलची तपासणी झाली तेव्हा ते नेमके किती डिझेल सोडते याची नोंद त्या संकेतात असते, आणि ती स्कॅनरने इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये भरावी लागते. संकेत न भरता बसवलेले नवे नोझल चालते, पण उभ्या गाडीत थरथर, धूर आणि कमी अ‍ॅव्हरेज अशी लक्षणे घेऊन चालते, आणि मग नव्या मालालाच नाव ठेवले जाते. स्वच्छ करण्यासाठी चारही नोझल एकदम काढली असतील तर ती ज्या सिलिंडरची त्याच सिलिंडरमध्ये परत गेली पाहिजेत. नोझलखालची तांब्याची वॉशर जुनीच बसवणे ही दुसरी बचत. ती दाब सोडू लागली की नोझलभोवती डांबरासारखा काळा थर साठतो, बोनट उघडल्यावर धुराचा वास येतो आणि पुढे ते नोझल काढताना अर्धा दिवस जातो. २० रुपयांच्या वॉशरवर इतका कंजूषपणा कशासाठी, हे मला आजवर समजलेले नाही.

टायमिंग बेल्टची कथा थोडी वेगळी आहे, कारण इथे चूक झाली तर इंजिनाला दुसरी संधी मिळत नाही. बेल्ट कॅमशाफ्ट, उच्चदाब पंप आणि पाण्याचा पंप या तिघांना फिरवतो. तो तुटला किंवा दात सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. म्हणून बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर आणि पाण्याचा पंप एकाच वेळी बदलावेत. पाण्याचा पंप ‘अजून चांगला आहे’ म्हणून ठेवला आणि तो पुढे गळू लागला तर नवा बेल्टही वाया जातो. बेल्ट बसवताना कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट जागेवर धरण्यासाठी दोन खिळी असतात, रेनॉच्या यादीत त्यांचे क्रमांक मोट १४३० आणि मोट १४८९. खडूच्या किंवा पांढऱ्या रंगाच्या खुणा करून बेल्ट बदलणारे हात मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही यशस्वीही होतात. पण या खिळींचा दुरुपयोग त्याहून वाईट. क्रँकची खीळ केवळ पिस्टनची जागा ठरवण्यासाठी आहे; पुलीचा बोल्ट आवळताना तिच्यावर जोर घेतला तर ती वाकते किंवा ब्लॉकमध्ये तुटते.

पुलीचा तो बोल्ट आधी ठरावीक टॉर्कने आणि नंतर अंश मोजून आवळायचा असतो, आणि तो दर वेळी नवा घालायचा असतो. १,१८,००० किलोमीटरला माझा बेल्ट बदलला तेव्हा मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो. फिटरने हवेची गन उचलली तेव्हा मी म्हणालो, ‘‘दादा, हा बोल्ट अंशावर आवळायचा आहे.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘शेठ, ३० वर्षे हाच हात आहे.’’ मी पिशवीतून टॉर्क पाना आणि अंश मोजायची तबकडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. ते हसले, चहा मागवला आणि मग दोघांनी मिळून तो बोल्ट आवळला. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांच्या भिंतीवर तशीच तबकडी लटकत होती. बेल्टच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी ती म्हणजे बाहेरचा, अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट. त्याच्या कडा उसवल्या तर निघालेले धागे टायमिंगच्या झाकणाआड शिरतात आणि आतल्या बेल्टला उडवतात, म्हणून तो स्वस्त बेल्टही त्याच वेळी बदलून टाकावा.

बाकीची दुखणी किरकोळ म्हणता येतील, जरी रस्त्यात उभे राहिल्यावर ती किरकोळ वाटत नाहीत. फ्लायव्हीलजवळचा क्रँक सेन्सर आणि त्याचा जोड धुळीने, तेलाने किंवा सैल पिनेने दगा देतो. इंजिन तापल्यावर अचानक बंद पडते, सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही, आणि २० मिनिटांनी काहीच न झाल्यासारखी सुरू होते. इगतपुरीच्या पुढे माझ्यावर ही वेळ आली होती आणि जोड काढून, पुसून, पिना थोड्या घट्ट करून परत लावल्यावर आजतागायत तक्रार नाही. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने अडकला की पिकअप मरते आणि काळा धूर येतो. तो काढून साफ करता येतो. थंडीत इंजिन सुरू व्हायला मदत करणारे हीटर प्लग गेलेले आपल्याला कळत नाहीत, कारण नाशिकच्या वर्षातील १० महिने हे इंजिन त्यांच्यावाचून सुरू होते. डिसेंबरमध्ये निफाडला लग्नाला मुक्काम करावा आणि पहाटे निघायची वेळ यावी, म्हणजे चारपैकी किती शिल्लक आहेत ते समजते. टर्बोविषयी एवढेच की घाट चढून आल्यावर ढाब्यासमोर गाडी लावताच किल्ली फिरवू नये. मिनिटभर इंजिन तसेच चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या दांड्यातले तेल जळून कोळसा होत नाही.

सुटे भाग अजून मिळतात. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाले आणि रेनॉने भारतातील डिझेल गाड्या बंद केल्या, तरी डस्टर आणि सनी यांच्यामुळे बाजारात माल आहे. फक्त भाग मागवताना ‘के९के’ एवढेच सांगू नये. इंजिनाच्या पाटीवर त्यापुढे तीन अंकी क्रमांक असतो. ताकद, पंप, नोझल, टर्बो या सगळ्यांतले फरक त्या तीन अंकांत असतात. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून मी तो क्रमांक न सांगता फिल्टरचा डबा आणला होता, आणि नळीचा जोड बसत नाही म्हणून भर दुपारी पुन्हा तिथे गेलो.

गेल्या महिन्यात माझा मावसभाऊ पाथर्डी फाट्याजवळ एक २०१२ ची व्हेरिटो पाहायला मला घेऊन गेला. आम्ही सकाळी साडेनऊला पोहोचलो तेव्हा बोनट कोमट होते. मालक म्हणाले की आत्ताच पोराला शाळेत सोडून आलो. आवाज चांगला होता, धूर नव्हता, तेल नुकतेच बदललेले, इतके स्वच्छ की त्यावरून काहीच समजू नये. मी डिझेलच्या फुग्यावर हात ठेवला तर तो मऊ होता, आणि फिल्टरकडे जाणाऱ्या पारदर्शक नळीत इंजिन चालू असताना बारीक बुडबुड्यांची एक माळ न तुटता सरकत होती. नळीच्या जोडावर कुणीतरी एम-सील लावले होते. मी मालकांना विचारले की गाडी रात्रभर उभी ठेवून उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी आम्हाला बोलवाल का, आणि पंपावरचा व्हॉल्व्ह काढून पाहू द्याल का. दोन स्क्रूंचे काम आहे, नवी रिंग मी घेऊन येतो. ते थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, घरी विचारून सांगतो. मावसभावाने सध्या पेट्रोलची के७जे शोधायला घेतली आहे.